एका वर्षाचा मुक्काम

थायलंडमधल्या बँकांत काही बचत खाती अशी आहेत, ज्यांतले पैसे वर्षातले काही महिने मालक काढत नाही. बँकेची हरकत नसते. पैसे त्याचे, खातं त्याच्या एकट्याच्या नावावर, पासबुक त्याच्याच कपाटात. एटीएमवर जाऊन तो केव्हाही रक्कम काढू शकतो. पण नको त्या महिन्यात शिल्लक आठ लाख बाटच्या खाली गेली, तर त्या देशातलं त्याचं पुढचं वर्षच धोक्यात येतं. म्हणून ते पैसे जागचे हलत नाहीत.

हा मालक पन्नाशी ओलांडलेला परदेशी माणूस असतो. इंग्लंडचा निवृत्त शिक्षक असेल, जपानची निवृत्त परिचारिका असेल, आणि आता एखादं पुण्याचं किंवा नागपूरचं जोडपंही असेल. नोकरी करायची नाही, धंदा करायचा नाही, पेन्शनवर किंवा साठवलेल्या पैशांवर च्यांग माय, हुआ हिन किंवा पटायासारख्या गावी उरलेलं आयुष्य काढायचं, एवढीच त्याची इच्छा. थायलंड त्याला तशी परवानगी देतं. मात्र एका वेळी एकाच वर्षाची. वर्ष संपत आलं की पुन्हा अर्ज, पुन्हा कागद, पुन्हा शिक्का. याला सगळे ‘रिटायरमेंट व्हिसा रिन्यू करणं’ म्हणतात.

वरवर पाहता ही सरकारी कागदपत्रांची नेहमीची कटकट वाटते. पण त्यातला एकेक नियम सुटा करून पाहिला, की थक्क व्हायला होतं. एका देशाला एका अनोळखी म्हाताऱ्या माणसावर विश्वास ठेवायचा आहे. तो प्रामाणिक आहे का, हे कळायला मार्ग नाही. त्याचं गाव लांब, भाषा वेगळी, कमाई दुसऱ्याच देशात झालेली. मग विश्वास ठेवायचा कशाच्या जोरावर? थायलंडच्या नियमांनी यावर शोधलेलं उत्तर एकच आहे: वेळ. पैसे किती दिवस पडून राहिले, माणूस किती दिवस एका पत्त्यावर राहिला, शेवटचं कळवून किती दिवस झाले. हे सगळे नियम म्हणजे वेगवेगळ्या मापांनी वेळ मोजणारी एकच यंत्रणा आहे.

नेमकं रिन्यू काय होतं?

आधी एक गाठ सोडवायला हवी, कारण तिथे बहुतेकांची गल्लत होते. थायलंडमध्ये राहून दरवर्षी जे वाढवून घेतलं जातं, तो व्हिसा नसतोच.

व्हिसा मिळतो वकिलातीत. त्याचं काम एवढंच, की माणसाला देशाच्या दारापर्यंत आणून उभं करणं. विमानतळावर अधिकारी पासपोर्टवर शिक्का मारतो आणि त्यात एक तारीख घालतो: अमुक दिवसापर्यंत राहायला परवानगी. त्या क्षणापासून माणूस व्हिसावर राहत नसतो, त्या शिक्क्यावर राहत असतो. निवृत्तांचा नेहमीचा रस्ता ‘नॉन-इमिग्रंट ओ’ या प्रकारचा. त्यावर आधी ९० दिवसांचा मुक्काम मिळतो आणि पुढे देशातच अर्ज करून तो मुक्काम निवृत्तीच्या कारणाने वर्षभर वाढवून घेता येतो. मग पुढच्या वर्षी आणखी एक वर्ष. मूळ व्हिसाची मुदत कधीच संपून गेलेली असते. पंधरा वर्षं तिथे राहिलेल्या माणसाचा व्हिसा पंधरा वर्षांपूर्वीच्या, भोकं पाडून रद्द केलेल्या पासपोर्टात असू शकतो. मुक्काम जिवंत ठेवते ती परवानग्यांची साखळी, जिची प्रत्येक कडी आधीच्या कडीत अडकलेली असते.

यातून एक विलक्षण गोष्ट निघते. परवानगी देशात राहण्याची आहे. मग देशाबाहेर पाऊल टाकलं तर? कायद्याच्या नजरेत मुक्काम संपला. वर्षातले दहा महिने उरलेले असले, तरी विमानतळावरून बाहेर पडताच ते दहा महिने विरून जातात. ते टिकवायचे तर निघण्याआधी ‘री-एन्ट्री परमिट’ काढावं लागतं: एकदाच ये-जा करण्यासाठी १,००० बाट, हव्या तितक्या वेळा करण्यासाठी ३,८००. अमरावतीला कुणी आजारी असल्याचा फोन मध्यरात्री आला आणि माणूस मिळेल त्या विमानाने निघाला, तर घाईत हाच कागद राहून जातो. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर निघतानाही तो काढायची सोय आहे, हे ठाऊक असलेलं बरं. तो नसेल, तर परतल्यावर शून्यापासून सुरुवात करावी लागते.

एक दिलासाही याच रचनेत आहे. मुदत संपायच्या महिनाभर आधी, काही कार्यालयांत पंचेचाळीस दिवस आधी अर्ज करता येतो, आणि नवं वर्ष अर्जाच्या दिवसापासून नव्हे, तर जुन्या तारखेपासून धरलं जातं. लवकर गेल्याने एकही दिवस बुडत नाही. परवानग्यांची साखळी तुटली नाही, तर प्रत्येकाची एक तारीख ठरून जाते आणि वर्षानुवर्षं तीच राहते. अडथळा येतो तो पासपोर्टचा. पासपोर्टची मुदत आठ महिन्यांत संपणार असेल, तर मुक्कामही आठच महिने वाढतो. म्हणून जाणते लोक आधी आपल्या देशाच्या वकिलातीत जाऊन नवा पासपोर्ट घेतात आणि मग इमिग्रेशनच्या दारात जातात.

स्थिर पैशांचं वेळापत्रक

आता त्या आठ लाखांकडे वळू.

नियम असा: अर्जाच्या आधी सलग दोन महिने थायलंडमधल्या बँक खात्यात किमान आठ लाख बाट हवेत. परवानगी मिळाल्यानंतर आणखी तीन महिने ते तसेच हवेत. त्यानंतर शिल्लक खाली गेली तरी चालते, पण चार लाखांच्या खाली नाही. पुढच्या अर्जाच्या दोन महिने आधी ती पुन्हा आठ लाखांवर आलेली हवी.

हे कागदावर मांडून पाहा. बारा महिन्यांपैकी पाच महिने आठ लाख पूर्ण स्थिर. उरलेल्या सात महिन्यांत चार लाख वापरायला मोकळे, पण तेही परत भरायच्या बोलीवर. आणि बाकीचे चार लाख? त्यांना बाराही महिने हात लागत नाही. माणूस वीस वर्षं राहिला, तर वीस वर्षं नाही. मालकाच्या नावावर असून न वापरता येणारा पैसा म्हणजे खरं तर त्या देशात राहण्याचं, न दिसणारं भाडंच.

हा सध्याचा साचा २०१९ साली आला. त्याआधी पैसे फक्त अर्जाच्या अगोदरच काही महिने दाखवावे लागत. शिक्का पडल्याच्या दुसऱ्या दिवशी खातं रिकामं केलं तरी कुणी विचारत नसे. साहजिकच दाखवण्यापुरते पैसे उसने आणायची वाट मोकळी होती. नियम करणाऱ्यांनी यावर शोधलेला उपाय मला फार विचार करायला लावतो. त्यांनी रक्कम वाढवली नाही, जास्तीचा दाखला मागितला नाही. त्यांनी वेळ वाढवली. आठ लाख बाट एका दिवसासाठी कुणीही उसने आणेल. पाच महिन्यांसाठी आणि पुढे अर्धे कायमचे, असे कोण देईल? उसन्या पैशांना व्याज चढतं, स्वतःच्या पैशांना चढत नाही. कालावधी लांबवला की खोटं बोलणं परवडेनासं होतं. कसली चौकशी नाही, पंचनामा नाही. नुसत्या दिवसांनी खरं आणि खोटं वेगळं केलं.

आठ लाख गुंतवायचे नसतील तर दुसरा पर्याय आहे: दरमहा ६५,००० बाटचं उत्पन्न. किंवा दोन्हींचा मेळ घालून वर्षाला आठ लाख. पण उत्पन्न ओळखायचं कसं? मँचेस्टरमधली पेन्शन खरी आहे की नाही, हे च्यांग मायच्या काउंटरवर बसलेल्या अधिकाऱ्याने कुठून पडताळायचं? बरीच वर्षं याची जबाबदारी वकिलातींवर होती. वकिलात पत्र द्यायची आणि इमिग्रेशन ते मानायचं. अमेरिकी वकिलातीचा कागद तर अर्जदाराने शपथेवर सांगितलेल्या आकड्याची नोंद, एवढाच होता. पुढे थाई अधिकाऱ्यांची अपेक्षा अशी झाली, की वकिलातींनी उत्पन्नाची खातरजमा करून मगच पत्र द्यावं. हजारो खासगी पेन्शन तपासणं आपल्याला शक्य नाही, असं म्हणत ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाच्या वकिलातींनी २०१९ उजाडताना ही पत्रं बंद केली.

पत्रं बंद झाल्यावर त्यांच्या जागी पुन्हा वेळच आली. आता अशा देशांच्या नागरिकांनी परदेशातून दर महिन्याला थाई खात्यात ६५,००० बाट येत असल्याची वर्षभराची रांग पासबुकात दाखवायची. एकाही पत्राला जे सिद्ध करता येत नव्हतं, ते बारा ओळींनी केलं. पेन्शन म्हणजे तरी काय? दर महिन्याला, न चुकता, परत येणारा पैसा. मग तो परत येतो का, एवढंच पाहिलं की झालं.

नव्वद दिवस आणि चोवीस तास

पैशांची बाजू वर्षाच्या मापाने मोजली जाते. माणसाची बाजू मोजायला आणखी बारीक मापं आहेत, आणि ती थायलंडच्या १९७९ सालच्या इमिग्रेशन कायद्यात आहेत. तिथल्या पद्धतीप्रमाणे तो बौद्ध सन २५२२चा कायदा म्हणून ओळखला जातो.

त्या कायद्याचं ३७वं कलम सांगतं, की तात्पुरत्या परवानगीवर ९० दिवसांहून जास्त राहणाऱ्या परदेशी माणसाने दर ९० दिवसांनी आपला पत्ता कळवायचा. ३८वं कलम घरमालकाला बांधतं: परदेशी माणूस आपल्या घरी राहायला आला, तर २४ तासांच्या आत कळवायचं. पहिल्याचा फॉर्म टीएम-४७, दुसऱ्याचा टीएम-३०. हे आकडे तिथे राहणाऱ्या परदेशी लोकांच्या जिभेवर असतात, जसे आपल्याकडे ‘सात-बारा’ आणि ‘आठ-अ’.

नव्वद दिवसांच्या नोंदीला पैसे लागत नाहीत. ती मुदतीच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत करता येते. टपालाने पाठवता येते, दुसऱ्या कुणाला पाठवून करता येते, आणि ऑनलाइनही करता येते. मध्ये देशाबाहेर जाऊन आलं, की मोजणी पुन्हा एकपासून सुरू. चुकली तर २,००० बाटचा दंड. आणि एक गोष्ट ठळकपणे लक्षात ठेवावी: या नोंदीने मुक्काम एका दिवसानेही वाढत नाही. ती फक्त सांगते, की मी इथे आहे आणि अजून त्याच घरी आहे.

महाराष्ट्रातल्या पेन्शनरांना हे अनोळखी वाटायचं कारण नाही. नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण आहोत, हे सांगितल्याशिवाय पेन्शन पुढे चालत नाही. थायलंडमधली नव्वद दिवसांची नोंद हा जणू राहत्या जागेचा हयातीचा दाखला, तोही वर्षातून चार वेळा. तिथे स्थायिक झालेला एखादा भारतीय पेन्शनर तर दोन्ही देतो. एका देशाला तो जिवंत असल्याचं कळवतो, दुसऱ्याला कुठे जिवंत आहे ते. एका माणसाचं म्हातारपण दोन सरकारांच्या वह्यांत असं शेजारी शेजारी लिहिलं जातं.

अर्जाचा दिवस

थायलंडचं इमिग्रेशन हा तिथल्या पोलिस दलाचाच विभाग आहे. काउंटरपलीकडची माणसं पोलिस हुद्द्यांची असतात. बँकॉकचं मुख्य कार्यालय च्यांग वत्थना रस्त्यावरच्या प्रचंड सरकारी संकुलात आहे, पटायाकरांचं जोमतिएनच्या गल्ली क्रमांक ५मध्ये. आपण ज्या प्रांतात राहतो, तिथल्याच कार्यालयात जायचं. सकाळी लवकर पोचायचं, टोकन घ्यायचं, बसायचं.

पिशवीत काय असतं? टीएम-७ हा अर्ज. चार बाय सहा सेंटिमीटरचा फोटो. पासपोर्ट आणि त्याच्या पानांच्या झेरॉक्स, प्रत्येकीवर सही. बँकेचं पत्र. पासबुक, आणि त्यात बऱ्याचदा त्याच दिवशीची नोंद मागतात. म्हणून लोक सकाळी एटीएममधून शंभर बाट काढतात किंवा भरतात, पासबुकात एन्ट्री मारून घेतात आणि मग निघतात. घराचा भाडेकरार किंवा मालकीचा कागद. जास्त दिवस राहिल्यास काय शिक्षा होते, ते समजल्याचं लेखी. १,९०० बाट रोख.

आणि अनेक ठिकाणी आणखी एक कागद मागतात, जो मला या सगळ्या गठ्ठ्यातला सर्वांत सुंदर वाटतो: घराचा नकाशा. देऊळ कुठे, बाजार कुठे, कुठल्या वळणावर वळायचं, कितव्या घरात राहतो. छापील नाही तर हाताने काढलेला. बँकेचे आकडे, पोलिसांचे फॉर्म, कलमं आणि पोटकलमं यांच्यामध्ये एका म्हाताऱ्या माणसाने काढलेलं आपल्या गल्लीचं चित्र असतं. गल्लीचा नकाशा आठवून काढता येणं हाही तिथे दिवस काढल्याचाच पुरावा.

कागद प्रत्येक कार्यालयात थोडे वेगळे असतात. एका जागी मागतात ते दुसरीकडे मागत नाहीत. म्हणून अनुभवी माणूस महिनाभर आधी आपल्याच कार्यालयात जाऊन ताजी यादी घेऊन येतो. आणि उशीर? मुदतीनंतर दिवसाला ५०० बाट, जास्तीत जास्त २०,०००. फार दिवस झाले तर देशात यायला काही वर्षांची बंदी. इथेही दंड दिवसांवर मोजला जातो.

देशांना निवृत्त माणसं का हवी असतात?

एखादा देश दुसऱ्या देशाच्या म्हाताऱ्या माणसांना बोलावतो, ही कल्पना फार जुनी नाही. फिलिपिन्सने निवृत्त परदेशी लोकांसाठी स्वतंत्र सरकारी संस्था १९८५ साली काढली. पुढच्याच वर्षी जपानच्या व्यापार-उद्योग मंत्रालयाने ‘सिल्व्हर कोलंबिया’ नावाची योजना मांडली. जपानी निवृत्तांसाठी परदेशात वसाहती उभारायच्या, असा तो विचार होता. गाड्या आणि टीव्ही निर्यात करणारा देश आता आपले म्हातारेही निर्यात करणार, अशी टीका झाली आणि योजना मागे पडली. मलेशियाने १९९६ साली ‘सिल्व्हर हेअर’ योजना आणली आणि २००२ साली तिला ‘मलेशिया माय सेकंड होम’ असं नवं रूप दिलं.

यामागचा हिशेब सरळ आहे. पन्नाशीनंतरचा निवृत्त माणूस इथल्या कुणाची नोकरी घेत नाही, कारण थायलंडमध्ये या परवानगीवर काम करायलाच मनाई आहे. त्याच्या शाळेचा, प्रशिक्षणाचा खर्च दुसऱ्या देशाने केलेला असतो. त्याचा पैसा बाहेरून येतो आणि भाडं, भाजी, दवाखाना, रिक्षा यांत इथेच मुरतो. देशाला भीती असते ती एकाच गोष्टीची: आजारपणाचा बोजा. म्हणून स्वतःच्या देशातूनच मिळवून येण्याच्या ‘ओ-ए’ या वर्षभराच्या व्हिसासाठी पोलिसांचा दाखला लागतो. कुष्ठरोग, क्षय, हत्तीपाय, व्यसन आणि तिसऱ्या अवस्थेतला सिफिलिस नाही, असं सांगणारं डॉक्टरांचं पत्रही लागतं. ३१ ऑक्टोबर २०१९पासून त्यावर आरोग्य विमाही सक्तीचा झाला. देशात आल्यावर ‘ओ’वर मुक्काम वाढवणाऱ्यांना ही विम्याची अट नाही. नियमांतला एका अक्षराचा फरक सत्तरीतल्या माणसाच्या खर्चात केवढा मोठा ठरतो, ते विम्याचे हप्ते पाहिले की कळतं.

आणि हे नियम स्थिर नसतात. मलेशियाने २०२१ साली आपल्या योजनेच्या अटी एकदम कडक केल्या आणि परदेशातून महिन्याला ४०,००० रिंगिटचं उत्पन्न मागितलं. २०२४ साली सगळी रचना पुन्हा बदलून दीड लाख, पाच लाख आणि दहा लाख डॉलर ठेवींच्या पायऱ्या केल्या. थायलंडने १ जानेवारी २०२४पासून परदेशातून आणलेल्या उत्पन्नाकडे करासाठी पाहण्याची पद्धत बदलली. वर्षात १८० दिवस किंवा जास्त राहणारा माणूस करापुरता तिथला रहिवासी ठरतो. त्यामुळे कुठला पैसा कोणत्या वर्षी कमावला आणि कधी आणला, हे आता निवृत्तांना लिहून ठेवावं लागतं. २०२० साली तर सगळी यंत्रणाच थांबली. महासाथीत देशात असलेल्यांची मुदत सरकारने आपणहून वाढवली. पण नातवंडांना भेटायला बाहेर गेलेले, री-एन्ट्री परमिट खिशात असलेले लोक महिनोन्‌महिने बाहेर अडकले. तिथे घर, तिथे कपाटात पासबुक, आणि दार बंद.

आपल्याकडून जायचं तर

भारतीय माणसाला ही वाट खुली आहे, पण काही वळणं वेगळी आहेत. आठ लाख बाट म्हणजे दरानुसार वीस लाख रुपयांहून काही जास्त. ते भारतातून पाठवायचे तर रिझर्व्ह बँकेची ‘लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम’ आहे. तिची मर्यादा आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलर, म्हणजे गरजेहून कितीतरी जास्त. मात्र अशा कामासाठी वर्षात दहा लाख रुपयांवर पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो पुढे आयकरात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं, हे लक्षात घेऊन मार्च आणि एप्रिल अशा दोन टप्प्यांत रक्कम पाठवली तर हा भार कमी होतो. इथेही वेळच कामी येते.

पाच अधिक पाच वर्षांचा ‘ओ-एक्स’ व्हिसा भारतीयांना मिळत नाही. तो चौदा ठरावीक देशांच्या नागरिकांनाच आहे. सप्टेंबर २०२२पासून आलेला दहा वर्षांचा ‘एलटीआर’ व्हिसा सर्वांना खुला आहे आणि त्यात नव्वद दिवसांची नोंद वर्षातून एकदाच करायची असते. पण निवृत्तांसाठी वर्षाला ८०,००० डॉलरच्या उत्पन्नाचा निकष आहे. सर्वसाधारण पेन्शनरासाठी वार्षिक वाटच खरी.

नवरा-बायको दोघं असतील, तर एकाच्या आठ लाखांवर दुसरा ‘अवलंबित’ म्हणून राहू शकतो. पैसे कमी अडकतात, म्हणून अनेकांना ही सोय पसंत पडते. पण ज्याच्या नावावर मुक्काम आहे, तो आधी गेला तर? अवलंबिताच्या परवानगीचा आधारच निघून जातो, आणि त्याच वेळी एकट्याच्या नावावरचं ते खातं वारसाच्या कोर्टकचेरीत अडकतं. दुःखाच्या पहिल्या आठवड्यात हे कळण्यापेक्षा, दोघांनी आपापलं खातं आणि आपापली परवानगी ठेवणं, थाई कायद्याला चालेल असं मृत्युपत्र करणं, हे धडधाकट असतानाच केलेलं बरं.

मोजणीत नसलेली गोष्ट

या यंत्रणेबद्दल मला मनापासून आदर वाटतो. ती कुणाच्या चेहऱ्यावरून, धर्मावरून, ओळखीवरून न्याय करत नाही. काय हवं ते तारखेनिशी सांगते आणि ते दिलं की वर्ष देते. लाच नको, वशिला नको, पासबुक हवं. अनोळखी माणसाला घरात घ्यायचं तर याहून सभ्य पद्धत मला सुचत नाही.

पण या मोजणीत एक गोष्ट कुठेच नाही. साठलेली वर्षं. थायलंडमध्ये कायमच्या वास्तव्याचा परवाना आहे, पण तो गुंतवणूक, नोकरी, कुटुंब, तज्ज्ञता अशा गटांना. निवृत्तीचा गट त्यात नाही. सलग पंचवीस वेळा मुक्काम वाढवलेला माणूस सव्विसाव्या वेळी त्याच रांगेत, त्याच फॉर्मसह उभा असतो, आणि त्याचा हक्क काल आलेल्या माणसाएवढाच असतो. आधीची पंचवीस वर्षं त्याच्या शेजाऱ्यांच्या आठवणीत असतात, कायद्याच्या नाही.

आणि माणूस मात्र तोच राहत नाही. पन्नाशीत आलेला पंचाहत्तरीचा होतो. नव्वद दिवसांची नोंद दुसरं कुणी करू शकतं, पण वर्षाचा अर्ज करायला स्वतः काउंटरपुढे जावं लागतं. प्रत्येक झेरॉक्सवर सही करायची तर हात थरथरता कामा नये. दोन महिने, तीन महिने, चार लाख, आठ लाख हे गणित सांभाळायचं तर स्मरण शाबूत हवं. वेळेच्या मापाने सगळं तपासणारा हा नियम असं धरून चालतो, की वेळेचा त्या माणसावर परिणाम होणार नाही. इस्पितळात असलेल्यांसाठी वैद्यकीय कारणाने मुदत वाढवायची वेगळी तरतूद आहे, पण तीही कुणीतरी धावपळ करून मिळवावी लागते.

म्हणून परदेशात म्हातारपण काढायचा विचार करणाऱ्याने कुठला व्हिसा किती वर्षांचा, हा प्रश्न दुसरा ठेवावा. पहिला प्रश्न हा, की मी पंच्याऐंशीचा होईन, जिना उतरता येणार नाही, तारीख आठवणार नाही, तेव्हा माझं पासबुक घेऊन माझ्यासोबत त्या काउंटरपर्यंत कोण येईल? शेजारी, मित्र, वकील, मुलगी, कुणीही चालेल. पण त्या माणसाचं नाव ठरलेलं असावं, त्याला आपली तारीख पाठ असावी आणि कागद कुठल्या कपाटात आहेत हे त्याला माहीत असावं. आठ लाख बाट दोन महिने आधी लागतात. हा माणूस त्याच्या कितीतरी वर्षं आधी जोडावा लागतो, आणि त्यासाठी त्या गावात, तिथल्या लोकांमध्ये, खरोखर राहावं लागतं.